कर्जाचा रकाना

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी असरच्या नमाजनंतर दाराची कडी वाजली. बाहेर माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची अम्मी उभी होती. मुलाच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. दहावीला तो माझ्या वर्गात होता. मूळ गाव मिरज तालुक्यात, पण मामूकडे राहून शिक्षण साताऱ्यात झाले. वडिलांचा फळांचा गाडा आहे. मुलाने दोन वर्षे अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षा दिल्या आणि क्लार्क म्हणून त्याची निवड झाली होती. पेढा तोंडात टाकला आणि खरे सांगते, डोळ्यांत पाणी आले. आमच्या शाळेतून पोलिसात मुले गेली, दोघे-तिघे शिक्षक झाले, पण बँकेच्या काऊंटरच्या आतल्या बाजूला बसणारा हा पहिलाच.

"आपा, तुमचा एक दाखला पाहिजे," तो म्हणाला. नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे चारित्र्याचे दाखले रुजू होताना द्यावे लागतात, त्यातला एक माझा. मी आनंदाने कागद घेतला. मग त्याच्या अम्मीने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "आणि आपा, बँकवाल्यांनी फोन केलाच तर एवढं सांगा, ते मोबाईलचं कर्ज याचं नाही. याच्या मामेभावानं याच्या नावावर काढलं होतं."

मुलगा खाली मान घालून बसला होता. पेढा अजून माझ्या हातातच होता.

हळूहळू सगळे बाहेर आले. टाळेबंदीच्या वर्षी गाडा बंद, अब्बा आजारी, कॉलेजचे तास मोबाईलवर. मुलाने चौदा हजारांचा मोबाईल हप्त्यांवर घेतला. पाच हप्ते भरले, सहावा थकला. तो भरायला एका कर्जाच्या ॲपवरून आठ हजार घेतले. ते थकले तेव्हा दिवसाला वीस-वीस फोन यायला लागले. वर्षभराने मोबाईलच्या फायनान्स कंपनीचा माणूस म्हणाला, सहा हजार भरा, विषय मिटवू. त्यांनी भरले, मेसेज आला, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आता नेमणुकीच्या कागदांत एक रकाना निघाला: आपण कोणते कर्ज घेतले आहे काय, आणि ते थकवले होते काय?

त्या रकान्याबद्दलच आज लिहायचे आहे. कारण हा प्रश्न एका घराचा नाही हे मला तेव्हाच कळले. गेल्या चार महिन्यांत वेगवेगळ्या रूपांत तो माझ्याकडे तीनदा आला आहे.

आधी ते 'मिटले' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे व्यवहार मिटला म्हणजे मिटला. सावकाराने वही फाडली, दोघांनी चहा घेतला, संपले. बँकेच्या जगात तसे नसते. कर्ज पूर्ण फेडले तर खात्यापुढे 'क्लोज्ड' असे लागते. थकलेल्या रकमेतला काही भाग सोडून देऊन कंपनीने तडजोड केली तर 'सेटल्ड' असे लागते. आपल्या कानाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात. पण दुसऱ्याचा अर्थ असा की या माणसाने ठरलेले पैसे पुरते दिले नाहीत आणि आम्ही उरलेल्यावर पाणी सोडले. ही नोंद वर्षानुवर्षे राहते. ती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचे कामकाज २००५ च्या कायद्याने चालते. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून लोक सरसकट 'सिबिल बघितले' असे म्हणतात. ३०० ते ९०० मधला जो आकडा असतो, तो या नोंदींवरूनच काढलेला असतो.

पूर्वी हा आकडा फक्त कर्ज देताना बघत. आता नोकरी देतानाही बघतात, निदान बँका तरी. सरकारी बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत उमेदवाराने आपला कर्जाचा इतिहास चांगला ठेवावा अशी अट आली. तिच्यावर बरीच ओरड झाल्यावर ती सौम्य झाली. रुजू होण्यापूर्वी नोंद दुरुस्त करून घ्या, किंवा ज्याचे कर्ज होते त्याच्याकडून ना-हरकत पत्र आणा, असे आता म्हणतात. स्टेट बँकेची अट मात्र कडक होती.

तिचे काय होते हे गेल्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयातल्या एका निकालात दिसले. २०२० मध्ये स्टेट बँकेने 'सर्कल बेस्ड ऑफिसर' या पदांची जाहिरात दिली. तमिळनाडूतला एक उमेदवार परीक्षेत पास झाला, मुलाखतीत पास झाला, २०२१ मध्ये त्याला नेमणुकीचे पत्रही मिळाले. काही दिवसांत ते रद्द झाले. कारण, कर्जे आणि क्रेडिट कार्डाचे पैसे थकवल्याची जुनी नोंद. त्याचे म्हणणे होते की जाहिरात आली त्या दिवशी माझ्याकडे एक रुपयाही बाकी नव्हता, सगळे फेडलेले होते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. अट आज बाकी आहे की नाही याची नव्हती, थकबाकीची नोंद आहे की नाही याची होती, आणि जो सार्वजनिक पैसा हाताळणार त्याच्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा करण्यात बँकेचे काही चुकले नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मला हा निकाल पूर्णपणे पटला असे मी म्हणणार नाही. ज्याने फेडले त्याला फेडल्याचे काही मोल मिळाले पाहिजे. टाळेबंदीत ज्याचा गाडा उभाच राहिला नाही आणि ज्याने चैनीसाठी कार्डे घासली, या दोघांना एकच आकडा कसा मोजतो हा प्रश्नही उरतोच. गरिबी म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. पण न्यायालयाने काय ठरवले ते मुलांना माहीत असले पाहिजे, आपल्याला पटो न पटो.

मग कर्जाची एवढी धास्ती का? कारण कर्जात बुडालेल्या माणसाला विकत घेणे सोपे जाते, असा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेत सीआयए या गुप्तहेर खात्यात ऑल्ड्रिच एम्स नावाचा अधिकारी होता. घटस्फोट, खर्चिक राहणी, डोक्यावर कर्ज. १९८५ मध्ये तो आपल्या देशाची गुपिते घेऊन सोव्हिएत संघाच्या दारात गेला. १९९४ मध्ये पकडला गेला तोवर त्याने वीस लाख डॉलरहून जास्त घेतले होते आणि त्याच्यामुळे कित्येक माणसांचा जीव गेला होता. आज तिकडे गुप्त कागद हाताळण्याची परवानगी हवी असेल तर माणसाची तेरा कसोट्यांवर पारख होते, त्यातली एक पैशाच्या व्यवहाराची. आपली मुले संगणकाच्या कामासाठी तिकडे जातात, नागरिक होतात आणि सरकारी कामाच्या कंपनीत लागतात, त्यांनाही तो लांबलचक नमुना भरावा लागतो. गंमत अशी की तिथे कर्ज आहे एवढ्यावरून कुणी नापास होत नाही. आजारपणामुळे, नोकरी गेल्यामुळे, घटस्फोटामुळे कर्ज झाले आणि माणूस ते मनापासून फेडत असेल, तर ती बाजू त्याच्या पारड्यात पडते. मात्र नमुन्यात खोटे लिहिले तर ती वेगळीच कसोटी लागते, वर्तणुकीची, आणि तिथून निभावून येणे कठीण असते. कर्ज समजावून सांगता येते, लपवलेले कर्ज समजावून सांगता येत नाही.

आपल्याकडे पोलीस, सैन्य, केंद्रीय दले यांच्या भरतीत चारित्र्य पडताळणीचा जो साक्षांकन नमुना असतो, त्यात भर कर्जावर नसून गुन्ह्यांवर असतो. अटक झाली होती का, गुन्हा दाखल होता का, खटला चालू आहे का, शिक्षा किंवा दंड झाला का. आणि अगदी वर ठळक अक्षरांत इशारा असतो की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. साताऱ्यात हा कागद घरोघरी ओळखीचा आहे. अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते उगीच नाही, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. सांगलीकडच्या गावांतही पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात, त्यांत आपलीही असतात. ही मुले छाती मोजतात, धावण्याचे सेकंद मोजतात. नमुना मात्र शेवटच्या रात्री, कुणातरी मित्राचा बघून भरतात.

आणि मित्राच्या नमुन्यात सगळीकडे 'नाही' असे लिहिलेले असते.

गावात भांडण होते. बांधावरून, पाण्यावरून, क्रिकेटवरून. दोन्हीकडची दहा-दहा नावे फिर्यादीत जातात, त्यांत अठरा वर्षांचा पोरगाही असतो जो फक्त मागे उभा होता. मग वडीलधारी मंडळी बसतात, समेट होतो. आपल्या तासगावचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिने असे किती तरी वाद मिटवले आणि चांगले केले. पण समेट झाला म्हणजे गुन्ह्याची नोंद पुसली गेली, असे मुलाला वाटते. ती पुसलेली नसते. पोलीस ठाण्याच्या नोंदीत ती असते आणि पडताळणीत ती निघते. आता प्रश्न भांडणाचा राहत नाही. 'नाही' असे का लिहिलेस, हा होतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रसंग शेकड्याने गेले. २०११ मध्ये दिल्ली पोलीस आणि संदीप कुमार यांच्या प्रकरणात मुलाने मारामारीचे जुने, तडजोडीत मिटलेले प्रकरण लपवले होते. न्यायमूर्ती काटजू यांच्या खंडपीठाने त्याला सांभाळून घेतले. तरुण वयात माणूस चुकतो, आणि भीतीपोटी ते लपवतो, असे म्हणत त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. पण पुढे इतर खंडपीठांनी वेगळे निकाल दिले. गोंधळ वाढला तेव्हा तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात नियम घालून दिले. आज देशभर तेच धरले जातात. थोडक्यात असे: माहिती खरी द्यायची. प्रकरण किरकोळ असेल, म्हणजे लहान वयात घोषणा दिल्या वगैरे, तर लपवले तरी वरिष्ठ ते माफ करू शकतात. खरे सांगितले म्हणून नोकरी द्यायलाच हवी असेही नाही, पूर्वेतिहास तपासायचा हक्क त्यांच्याकडे राहतो. चालू असलेला किरकोळ खटला खरेपणाने सांगितला असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. जे नमुन्यात विचारलेच नव्हते ते सांगितले नाही म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. आणि अनेक खटले चालू असताना ते दडवणे ही गंभीर गोष्ट आहे.

यातला शेवटून दुसरा मुद्दा मी मुलांना फळ्यावर लिहून देते. जे विचारले आहे ते नीट वाचा. 'शिक्षा झाली आहे का' आणि 'गुन्हा दाखल झाला होता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्याकरणाच्या तासाला मुले मला विचारतात की काळ आणि प्रयोग शिकून काय मिळणार. हे मिळणार.

नोकरी लागल्यावर कर्जाचा पाठलाग संपतो असेही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की शासकीय कर्मचाऱ्याने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की सततचे कर्जबाजारीपण किंवा दिवाळखोरी ओढवणार नाही. केंद्राच्या १९६४ च्या नियमांतही हेच आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा नियम कुणी मोठ्याने वाचला तर निम्मी मंडळी खिडकीबाहेर बघायला लागतील. मीही.

माझे सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिले. पगारदारांची पतसंस्था, सगळे एकमेकांना जामीन राहतात, सही करताना कुणी कागद वाचत नाही. त्यांचे हप्ते थांबले. एके महिन्याला माझ्या पगारातून कपात झाली. मला वाटले एकदाच होईल. ती चौदा महिने झाली. आता यात लाज वाटण्यासारखे मी काही केले नव्हते, फसले होते एवढेच. पण घरी मी काय सांगितले? मिस्टरांना म्हणाले, पगारबिलात काहीतरी गडबड आहे, पुढच्या महिन्यात फरक मिळेल. पुढच्या महिन्यात दुसरे कारण. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले तेव्हा माझी बांगडी गहाण ठेवली आणि ती धुवायला टाकली आहे असे सांगितले. बांगडी धुवायला टाकतात का? पण तोंडातून निघून गेले. चौदा महिने मी, वर्गात मुलांना खोटे बोलू नका म्हणणारी, आठवड्याला एक खोटे या हिशेबाने जगले. शेवटी मिस्टरांना कळले ते पतसंस्थेच्या शिपायाकडून, भर बाजारात. ते कपातीवर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये गुनाहपासून आणि कर्जापासून पनाह मागत, अशी ह. आयशा (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. कुणीतरी विचारले की कर्जापासून एवढी पनाह का मागता? तेव्हा आपण (स.) जे सांगितले त्याचा आशय असा की माणूस कर्जात सापडला की बोलताना खोटे बोलतो आणि वायदा करून मोडतो. ही हदीस मी लहानपणी मदरशात पाठ केली होती. समजली त्या चौदा महिन्यांत. तिकडे सुरक्षेच्या परवानगीसाठी तेरा कसोट्या लिहिणाऱ्यांना जे सापडले, ते हेच आहे. कर्ज ही रकमेची गोष्ट आहे, पण त्याच्या मागोमाग जी येते ती जिभेची.

उधार घेणे हा मात्र आपल्याकडे ऐब नाही. प्रेषितांनी (स.) दुनिया सोडली तेव्हा त्यांची चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी माणसाकडे गहाण होती. जकातीच्या आठ हकदारांत कर्जदार आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी, असे सूरह बकरहमध्ये आहे. आणि त्याच्या दोनच आयती पुढे कुरआनातली सगळ्यांत लांब आयत येते, ती नमाजची नाही, रोजाचीही नाही. देण्याघेण्याचा कागद कसा करावा, लेखक कोण असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, याची आहे. एवढे असूनही आपल्या घरांत भाऊ भावाला दोन लाख देतो तेव्हा 'कागद कशाला, विश्वास नाही का' असे म्हटले जाते. व्याजाचा प्रश्न इथे मी मुद्दामच काढत नाही. तो वेगळा आहे, त्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, आणि पूर्वी या मासिकातून जाणकारांनी लिहिलेही आहे.

आता कामाच्या गोष्टी. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून आम्ही मोबाईलवर त्या मुलाचा कर्जाचा अहवाल काढला. वर सांगितलेल्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी कुणा एजंटाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. अहवालात चार खाती निघाली. दोन त्याची. एक बँकेचे शैक्षणिक कर्ज, जे त्याने कधी घेतलेच नव्हते. आणि एका दुचाकीचे. त्याच्या नावाचा, त्याच तालुक्यातला कुणी दुसरा माणूस! आपल्या समाजात हे फार होते. शेख, मुल्ला, मुजावर, सय्यद अशी नावे गल्लोगल्ली, वडिलांचे नाव कुठे आहे कुठे नाही, आधारवर 'शेख', पॅनवर 'शेक', शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. मग एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर जाऊन बसते. यावर तक्रार करता येते, तीही ऑनलाइन आणि फुकट. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण हे सगळे नेमणुकीचे पत्र आल्यावर करायचे नसते, एक वर्ष आधी करायचे असते.

ॲपवाल्या कर्जाची मजा वेगळीच. ते ॲप आता कुठे सापडेना. अम्मी म्हणाली, चला, सुटलो. पण अशा ॲपच्या मागे बहुतेक वेळा एखादी नोंदणीकृत फायनान्स कंपनी असते, पैसे तिचे असतात, आणि अहवालात नाव तिचे येते. ते नाव मिळाले, पत्ता मिळाला. मागे अशी कुठली कंपनीच नसेल तर ते ॲप म्हणजे दरोडाच. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आता कंपन्यांनी कळवलेल्या ॲपची यादी असते. घेण्यापूर्वी पाहावी. खासगी सावकाराचेही तेच, २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. आपल्या भागाला सावकारी नवी नाही. १८७९ मध्ये इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला त्यात सातारा जिल्हा होता, आणि तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग. सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा'च होते.

आणि भगिनींनो, गटाच्या कर्जाबद्दल. आठवड्याच्या हप्त्याचे ते फायनान्सचे कर्ज, जे दहा जणी मिळून घेतात, तेही या अहवालात येते. तुमच्या नावावर येते, नवऱ्याच्या नाही. शेजारणीसाठी उचलून दिले असेल तरी तुमच्याच नावावर. जामीन राहिलात तर त्याचीही नोंद होते. थकबाकीची तडजोड करायची वेळ आलीच तर 'सेटल' शब्दावर समाधान मानू नका. उरलेले भरून 'क्लोज्ड' लावून घ्या आणि बेबाकी दाखला मागून घ्या, लेखी, शिक्क्यासह.

त्या रविवारी मगरिबची अजान होईपर्यंत आम्ही बसलो होतो. दाखला मी लिहून दिला. मुलगा मेहनती आहे, वर्गात कधी नक्कल केली नाही, हे सगळे खरे होते ते लिहिले. मामेभावाचे मी सांगणार नाही असे अम्मीला सांगितले. ती नाराज झाली. म्हणाली, "आपा, तुमच्या एका शब्दानं पोराचं आयुष्य उभं राहिलं असतं." मी गप्प राहिले. मामेभावाचे नाव सांगितले असते तर उद्या त्यालाही कुठे नोकरी लागणार होती, आणि फायनान्स कंपनीच्या कागदावर सही, फोटो, आधार सगळे याचेच होते. हे मुलाला आधी समजले. तो म्हणाला, "अम्मी, त्यांच्याकडे माझा फोटो आहे."

त्याने रकान्यात 'होय' लिहिले. सोबत एका कागदावर हकीकत: कधी घेतले, का थकले, किती भरले, किती राहिले. अर्ध्या पानाचा मजकूर. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. रडगाणे मी काढून टाकायला लावले, तारखा ठेवायला लावल्या. मामूने सात हजार चारशे दिले, लिहून घेऊन. मोबाईलवाल्यांचे ना-हरकत पत्र नऊ दिवसांत आले. ॲपमागच्या कंपनीने पैसे घेतले, पत्र द्यायला तीन आठवडे लावले. न घेतलेल्या दोन कर्जांची तक्रार नोंदवली, त्यातली दुचाकी निघाली आहे, शैक्षणिक कर्ज अजून निघायचे आहे.

बँकेने कागद ठेवून घेतले आणि रुजू व्हायची मुदत वाढवून दिली. हे लिहीपर्यंत पुढचे पत्र आलेले नाही. काय होईल मला माहीत नाही, त्यालाही नाही. तो रोज सकाळी गाडा लावायला अब्बांबरोबर जातो आणि दुपारी पोस्टमनची वाट पाहतो.

परवा त्याच्या अम्मीचा फोन आला. मला वाटले पत्र आले. ते नव्हते. म्हणाली, "आपा, रविवारी येऊ का? आमच्या गल्लीतल्या आम्ही सहा जणी आहोत. सगळ्यांचं गटाचं कर्ज आहे. तो रिपोर्ट तुम्ही मोबाईलवर काढला होता ना, तसा आमचा काढून द्या. पॅन कार्ड घेऊन येतो. माझ्या कार्डावर नाव जरा चुकलंय."